पिपची थकबाकी आणि अर्जाची तपासणी: ब्रिटनमधल्या मराठी कुटुंबांचे नेहमीचे प्रश्न

आमच्या भागातल्या मराठी मंडळींना अपंगत्व भत्त्याचे फॉर्म भरायला मी गेली काही वर्षं मदत करते. गणपतीत, हळदीकुंकवाला, कुणाच्या बारशाला गेलं की एखादी वहिनी नाहीतर काकू हळूच बाजूला घेते आणि विचारते, "ते मागचे पैसे मिळतात का गं?" खालचे प्रश्न तसेच कानावर आलेले आहेत. उत्तरं इंग्लंड आणि वेल्सच्या नियमांना धरून आहेत. स्कॉटलंडमध्ये पिपच्या जागी अ‍ॅडल्ट डिसॅबिलिटी पेमेंट आहे आणि त्याचं कार्यालय वेगळं आहे. रकमा २०२५-२६ या वर्षाच्या.

पिप म्हणजे काय? आमच्या घरात कुणाला लागू होईल?

पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, म्हणजे पिप. १६ वर्षांपासून सरकारी पेन्शनच्या वयापर्यंत त्याचा अर्ज करता येतो. त्याचे दोन भाग आहेत. रोजच्या जगण्यातल्या अडचणींसाठी आठवड्याला ७३.९० किंवा ११०.४० पौंड, आणि हिंडण्याफिरण्यातल्या अडचणींसाठी २९.२० किंवा ७७.०५ पौंड. नोकरी असली तरी मिळतं, बँकेत शिल्लक असली तरी मिळतं, आणि त्यावर कर नाही. अडचण निदान तीन महिन्यांपासून असावी आणि पुढे निदान नऊ महिने राहील असं दिसावं, एवढी अट आहे.

पेन्शनच्या वयानंतर पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्या आईवडिलांसाठी अटेंडन्स अलाउन्स आहे, तर १६ वर्षांखालच्या मुलांसाठी डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स.

पगारातून इतकी वर्षं कर भरूनही "आपण कुणापुढे हात पसरायचा नाही" म्हणून कितीतरी घरं गप्प बसतात. हात पसरण्याचा इथे प्रश्नच नाही. कायद्याने ठरवून दिलेला हा हक्क आहे.

आजार तीन वर्षांपूर्वी सुरू झाला. तेव्हापासूनचे पैसे मिळतील का?

नाही. या पानावरचं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण हे ध्यानात ठेवा. पिपची तारीख आजारावरून ठरत नाही, निदानावरून ठरत नाही. पहिला फोन ज्या दिवशी केलात तीच तारीख. त्याच्या आधीचा एक पेनीही मिळत नाही, मग कागदपत्रं कितीही भक्कम असोत.

माझ्या दादाला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. निदान झालं तेव्हा मी त्याला म्हटलं, आजच फोन कर. तो म्हणाला, बघू, अजून माझं माझं होतंय. पाच महिने असेच गेले. एका संध्याकाळी चहाचं पातेलं सांडशीत धरून उतरवताना त्याचा उजवा हात सुटला आणि उकळता चहा पायावर सांडला. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने फोन लावला. त्या पाच महिन्यांचे पैसे त्याला कधीच मिळाले नाहीत, मिळणारही नाहीत.

म्हणून आधी फोन: ०८०० ९१७ २२२२. कागद नंतर गोळा करा. फोनवर नाव, पत्ता, नॅशनल इन्शुरन्स नंबर, बँकेचा तपशील एवढंच लागतं. मग घरी फॉर्म येतो आणि तो एका महिन्यात परत पाठवायचा असतो. जमणार नसेल तर मुदत संपायच्या आत फोन करून वाढवून मागा.

अटेंडन्स अलाउन्ससाठी फॉर्म फोनवरून मागवला आणि सहा आठवड्यांत परत केला, तर फॉर्म मागवल्याची तारीख धरतात. संकेतस्थळावरून उतरवून घेतला तर तो त्यांच्या हाती पडल्याची तारीख. म्हणून मी सगळ्यांना फोनवरच मागवायला सांगते.

मग ओळखीतल्या एकाला हजारो पौंड एकदम मिळाले, ते कुठून?

ती थकबाकी. पहिला फोन आणि निर्णय यांच्यात जो वेळ जातो त्या काळाचे पैसे निर्णय झाल्यावर एकरकमी येतात. निर्णयाला २० आठवडे लागले आणि ७३.९० पौंडांचा दर मंजूर झाला, तर १,४७८ पौंड एकदम खात्यात. पुढे मग दर चार आठवड्यांनी नेहमीसारखे.

अपील जिंकून मिळालेली थकबाकी याहून मोठी असते. आणि तिसरी जात म्हणजे सरकारच्याच चुकीमुळे राहिलेले पैसे, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

अर्ज तपासतात म्हणजे काय बघतात?

तुमचा आजार कोणता, याला गुण नाहीत. त्यामुळे काय जमत नाही, याला गुण आहेत. दैनंदिन जगण्याची दहा कामं ठरलेली आहेत: स्वयंपाक, खाणं, औषधोपचार सांभाळणं, आंघोळ, शौच, कपडे घालणं, बोलणं, वाचणं, माणसांत मिसळणं, पैशांचे निर्णय घेणं. हिंडण्याची दोन: वाट शोधत जाणं आणि प्रत्यक्ष चालणं. एका भागात ८ गुण झाले तर साधा दर, १२ झाले तर वरचा.

ही तपासणी सरकारने नेमलेल्या खासगी कंपन्यांचे नर्स, फिजिओथेरपिस्ट वगैरे लोक करतात, बहुतेकदा फोनवर. ते अहवाल लिहितात. अंतिम निर्णय मात्र डीडब्ल्यूपीचा, म्हणजे काम आणि पेन्शन खात्याचा.

आता जिथे आपली माणसं हटकून फसतात ते सांगते. दादाला फोनवर विचारलं, "तुम्ही चहा करता का?" तो म्हणाला, "हो, करतो की." खोटं नव्हतंच ते. पण आपल्याकडे पाहुण्याने तब्येत विचारली की "चाललंय, बरं आहे" म्हणायचं वळण पडलेलं असतं. समोरचा माणूस टिपणं काढतोय हे आपण विसरतो. भाजलेला पाय, फुटलेले दोन कप, चहा केल्यावर अर्धा तास खुर्चीत बसून राहावं लागतं, वहिनी घरी नसेल तर तो गॅस पेटवतच नाही, यातलं तो काहीच बोलला नाही. अहवालात स्वयंपाकासमोर शून्य.

नियम खरं तर तुमच्या बाजूचा आहे. एखादं काम "जमतं" असं म्हणायचं तर ते चार प्रकारे जमलं पाहिजे: धोका न होता, नीटसं, लागेल तितक्या वेळा, आणि निरोगी माणसाला लागतो त्याच्या दुपटीपेक्षा जास्त वेळ न घेता. चारांतलं एक जरी बसत नसेल तरी ते काम तुम्हाला जमतं असं धरता येत नाही. आणि रोज त्रास हवा असंही नाही. निम्म्याहून जास्त दिवस त्रास होत असेल तर तो धरतात.

धोक्याबद्दल २०१७च्या मार्च महिन्यात अपर ट्रायब्युनलच्या, म्हणजे भत्त्यांची अपिलं ऐकणाऱ्या वरच्या न्यायालयाच्या, तीन न्यायाधीशांनी एक महत्त्वाचा निकाल दिला. अपघात क्वचितच होत असेल, पण झाला तर जिवावर बेतेल असा असेल, तर तोही धोकाच. फिट येणारी व्यक्ती, आगीचा भोंगा ऐकू न येणारी व्यक्ती, यांना याचा थेट उपयोग आहे. "महिन्यातून एकदाच फिट येते" म्हणून फॉर्म कोरा सोडू नका.

म्हणून मी काय करते? फॉर्म भरण्याआधी घरच्यांना आठवडाभर एक वही लिहायला लावते. सकाळी उठल्यापासून काय केलं, कुणी मदत केली, किती वेळ लागला, कशाला धरून उभं राहिलात. वहिनीच्या त्या वहीत "आज शर्टाची बटणं मी लावली" हे वाक्य पाच दिवस होतं. दादाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, कपडे माझे मीच घालतो.

निकाल शून्य आला. आता?

पत्रावरच्या तारखेपासून एका महिन्यात मँडेटरी रिकन्सिडरेशन मागा, म्हणजे निर्णयाचा फेरविचार. फोनवर मागता येतो, तरी मागोमाग लेखी पाठवा. एक महिना उलटला असेल तरी सबळ कारण दिल्यास १३ महिन्यांपर्यंत उशीर माफ होऊ शकतो. दवाखान्यात होतो, घरात मृत्यू झाला, पत्र इंग्रजीत होतं आणि समजावून सांगणारं कुणी नव्हतं, जे खरं असेल ते लिहा.

त्याच फोनवर तपासणीच्या अहवालाची प्रत मागून घ्या. ती फुकट मिळते, आणि तिच्याशिवाय भांडणं म्हणजे अंधारात तीर. वाक्यावाक्याला समासात लिहा: हे मी बोललो नाही, हे अर्धंच लिहिलं, हे विचारलंच नाही.

फेरविचारात बहुतेकदा आधीचाच निर्णय कायम राहतो. तिथेच पुष्कळ लोक हात टेकतात. टेकू नका. फेरविचाराच्या पत्रापासून एका महिन्यात स्वतंत्र ट्रायब्युनलकडे अपील करता येतं. त्याला फी नाही, वकील लागत नाही. समोर एक न्यायाधीश, एक डॉक्टर आणि अपंगत्वाचा अनुभव असलेली एक व्यक्ती असे तिघं असतात. पिपची जी अपिलं सुनावणीपर्यंत पोचतात त्यातल्या निम्म्याहून जास्तींचा निकाल अर्जदाराच्या बाजूने लागतो. फक्त कागदांवरून निकाल मागण्यापेक्षा सुनावणी मागा, समोर, व्हिडिओवर किंवा निदान फोनवर. ट्रायब्युनलमधल्या डॉक्टरबाईंनी दादाला एवढंच विचारलं, "पातेलं कुठल्या हाताने धरता ते दाखवा." त्याने हात पुढे केला, आणि तो कसा थरथरतो ते तिघांनीही पाहिलं. जवळ कागद भरपूर होते, पण माझ्या मते निकाल तिथेच लागला.

एक धोकाही सांगायला हवा. आधीच थोडाफार दर मंजूर असेल आणि वाढवून मागायला अपील केलं, तर ट्रायब्युनल तो कमीही करू शकतं. अशा वेळी आधी सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेच्या किंवा कौन्सिलच्या वेल्फेअर राइट्सवाल्या, म्हणजे भत्त्यांबद्दल सल्ला देणाऱ्या, माणसाला कागद दाखवा.

अपील जिंकल्यावर पैसे कुठल्या तारखेपासून?

पहिला अर्ज होता तर मूळ तारखेपासून, म्हणजे पुन्हा त्या पहिल्या फोनपासून. दादाला १४ महिन्यांची थकबाकी एकदम मिळाली. अपिलात मात्र डीडब्ल्यूपीने निर्णय दिला त्या दिवशी तब्येत कशी होती तेच बघतात. नंतर दुखणं बळावलं असेल आणि हातात काहीच दर नसेल, तर अपील चालू ठेवून नवा अर्जही करता येतो.

सरकारने जुन्या अर्जांची स्वतःहून तपासणी केली म्हणे. ते काय प्रकरण आहे?

एखाद्या कोर्टाने "तुम्ही नियमाचा अर्थ चुकीचा लावत होतात" असं म्हटलं की डीडब्ल्यूपीला जुने निर्णय पुन्हा उघडावे लागतात. अशा तपासण्यांना ते 'लीप' म्हणतात. तीन मोठी प्रकरणं मला माहीत आहेत.

पहिलं मनाच्या आजारांचं. एकट्याने बाहेर पडताना प्रचंड मानसिक त्रास होणाऱ्यांना हिंडण्याचे गुण मिळायला हवेत, असा निकाल अपर ट्रायब्युनलने २८ नोव्हेंबर २०१६ ला दिला. सरकारने २०१७च्या मार्चमध्ये नियमच बदलून त्यांना वगळलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हायकोर्टाने तो बदल भेदभावाचा ठरवून रद्द केला. १९ जानेवारी २०१८ ला मंत्री एस्थर मॅकव्हे यांनी सरकार अपील करणार नाही असं जाहीर केलं आणि सुमारे १६ लाख अर्ज पुन्हा तपासायला घेतले गेले.

दुसरं प्रकरण माणसांत मिसळण्याचं. १८ जुलै २०१९ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की चारचौघांत वावरायला लागणारा आधार हा प्रशिक्षित माणसाचाच हवा असं नाही, त्या व्यक्तीला सांभाळण्याचा अनुभव असलेल्या घरच्यांचा किंवा मित्राचाही चालतो. ऑटिझम, नैराश्य, स्किझोफ्रेनिया असलेल्या कितीतरी मुलांच्या आयांना हे वाक्य वाचून दाखवावंसं वाटतं. या मुद्द्यावर ६ एप्रिल २०१६ नंतरचे निर्णय तपासायचे ठरले.

तिसरं पिपचं नाही, ईएसएचं, म्हणजे आजारपणामुळे काम करता न येणाऱ्यांसाठीच्या एम्प्लॉयमेंट अँड सपोर्ट अलाउन्सचं. २०११ पासून लोकांना जुन्या इन्कपॅसिटी बेनिफिटवरून त्या भत्त्यावर आणताना, त्यांना उत्पन्नावर आधारलेला जास्तीचा हिस्सा लागू होतो का हे पुष्कळांच्या बाबतीत तपासलंच गेलं नाही. आधी सरकार म्हणालं, फक्त २१ ऑक्टोबर २०१४ पासूनचे पैसे देऊ. चाइल्ड पॉव्हर्टी अ‍ॅक्शन ग्रुप ही गरिबांसाठी लढणारी संस्था कोर्टात गेली, आणि २०१८च्या जुलैमध्ये सरकारने माघार घेऊन अगदी बदलाच्या दिवसापासून द्यायचं कबूल केलं. एक लाखाहून अधिक लोकांना त्यात थकबाकी मिळाली.

इथेही तारखांचाच खेळ आहे. कोर्टाच्या निकालामुळे चूक उघडकीला आली असेल तर थकबाकी सहसा त्या निकालाच्या तारखेपर्यंतच मागे जाते. कार्यालयाची साधी चूक असेल, कागद हरवला, गुणांची बेरीज चुकली, तुम्ही कळवलेली गोष्ट नोंदवलीच नाही, तर पूर्ण मागे जाते आणि अशी चूक दाखवून द्यायला कालमर्यादा नाही. म्हणून जुनी पत्रं फेकू नका. ती तपकिरी पाकिटं नकोशी वाटतात हे मला माहीत आहे, पण एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून ठेवा.

मला असं तपासणीचं पत्र आलंच नाही. विचारू का?

जरूर विचारा. २०१६ नंतर तुमचा अर्ज नाकारला गेला असेल किंवा दर कमी मिळाला असेल, आणि वरच्यांपैकी काही तुम्हाला लागू पडत असेल, तर पिपच्या चौकशी क्रमांकावर फोन करून माझा निर्णय या निकालांनुसार पाहा असं सांगा आणि लेखीही द्या. दाद लागली नाही तर आपल्या खासदाराला लिहा. खासदारांची कार्यालयं अशी पत्रं रोज पाठवतात, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

चालू पिपचा रिव्ह्यू फॉर्म आलाय. काही बदललेलं नाही. तसंच लिहून देऊ?

नुसतं "बदल नाही" लिहू नका. आधीचा फॉर्म समोर घेऊन प्रत्येक कामापुढे आजची अडचण पुन्हा पूर्ण लिहा, नवी औषधं आणि नवी पत्रं जोडा, आणि महिन्याच्या आत पाठवा. पाठवलाच नाही तर पैसे बंद होऊ शकतात. दुखणं वाढलं असेल तर रिव्ह्यूची वाट बघत बसू नका, लगेच कळवा. महिनाभराच्या आत कळवलं तर बदल झाला तेव्हापासून धरतात. उशीर केलात तर साधारणपणे कळवलं तेव्हापासून. तब्येत सुधारली असेल तर तेही कळवायचं, नाहीतर जास्तीचे पैसे परत मागतात.

एवढी रक्कम एकदम खात्यात आली तर युनिव्हर्सल क्रेडिट कापतील का?

पिप हे उत्पन्न धरत नाहीत. थकबाकीची रक्कमही बचत म्हणून १२ महिने मोजत नाहीत. तरी युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातल्या जर्नलमध्ये कळवा आणि पत्राची प्रत जपून ठेवा.

आईला मी सांभाळते. मलाही मागचं काही मिळेल का?

आठवड्याला ३५ तास सांभाळत असाल तर केअरर्स अलाउन्स बघा, ८३.३० पौंड. नोकरी असेल तर कमाईची मर्यादा आठवड्याला १९६ पौंड आहे आणि ती एका पौंडाने ओलांडली तरी त्या आठवड्याचा पूर्ण भत्ता जातो, तेव्हा ओव्हरटाइमवर लक्ष ठेवा. एरवी हा भत्ता तीन महिनेच मागे जातो. पण आईच्या भत्त्याचा निर्णय आल्यापासून तीन महिन्यांत अर्ज केलात तर तो आईचा भत्ता सुरू झाला त्या दिवसापर्यंत मागे जातो. अपील जिंकल्यावर आनंदाच्या भरात हे हमखास राहून जातं.

आम्ही व्हिसावर आहोत. आणि भारतात गेलो तर?

व्हिसावर "नो पब्लिक फंड्स" लिहिलं असेल तर पिप, अटेंडन्स अलाउन्स, केअरर्स अलाउन्स यांतलं काहीही मागू नका, व्हिसा अडचणीत येतो. कायम राहण्याची परवानगी किंवा नागरिकत्व मिळाल्यावर मागता येतं, मात्र गेल्या १५६ आठवड्यांपैकी १०४ आठवडे इथे राहिलेलं हवं. पुण्याला दहा वर्षं राहून परतलेल्या ब्रिटिश पासपोर्टवाल्यांनाही हीच अट आहे. जोडीदार व्हिसावर आणि आजारी व्यक्ती स्वतः नागरिक असेल, तर तिने तिचं पिप खुशाल मागावं. उलट तिला पिप मिळत असेल तर जोडीदाराच्या व्हिसासाठीची २९,००० पौंड उत्पन्नाची अट लागू होत नाही, पोटापाण्यापुरतं पुरेसं आहे एवढंच दाखवावं लागतं.

हिवाळ्यात भारतात जाणाऱ्यांनी १३ आठवडे मोजून ठेवावेत. तोवर पिप चालू राहतं, उपचारासाठीच गेला असाल तर २६ आठवडे. चार आठवड्यांहून जास्त जाणार असाल तर निघण्यापूर्वी कळवायचं.

निर्णय येण्याआधीच बाबा गेले. त्यांचे पैसे बुडाले का?

नाही. अर्ज किंवा अपील आधीच केलेलं असेल तर घरचं माणूस ते पुढे चालवू शकतं आणि थकबाकी त्यांच्या वारसांकडे येते. गेल्यानंतर नवा अर्ज मात्र करता येत नाही. आणि डॉक्टरांनी वर्षभराच्या आतलं आयुष्य सांगितलं असेल तर त्यांच्याकडून तसं लिहून घ्या. मग तीन महिन्यांची अट नाही, तपासणी नाही, आणि दैनंदिन भागाचा वरचा दर मिळतो. ते पत्र मागणं फार जड जातं. तरी मागा.

आईला इंग्रजी येत नाही. मराठी दुभाषी मिळतो का?

मिळतो, फुकट. पहिल्या फोनलाच सांगा आणि फॉर्मवरही लिहा, तपासणीला आणि ट्रायब्युनललाही. सुनेने किंवा नातवाने भाषांतर करण्यापेक्षा हे बरं, कारण घरच्यांसमोर आई शौचाच्या अडचणी बोलत नाही. हिंदी दुभाष्यावर भागवू नका, मराठीच मागा. आणि सुरुवातीलाच आईचे नेहमीचे शब्द दुभाष्याला समजावून द्या. एका काकूंच्या "पायाला मुंग्या येतात" या वाक्याचं शब्दशः भाषांतर झालं आणि अहवालात घरात किडे असल्याची नोंद आली. बधिर होणाऱ्या पायांचा उल्लेखच नव्हता. फेरविचारात आम्ही पहिली दुरुस्ती तीच लिहिली.